डाकोटा येणार का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग पाऊस... कारणं देत बसले तर तोच एक लेख होईल. असो.

आमच्याकडे गेली सात-आठ वर्षं एक प्रश्न ठरलेला आहे. कुठेही एअर शो होणार अशी बातमी आली की बदलापूरहून दादाचा फोन येतो. "बेबी, बघ गं जरा, डाकोटा येणार का?" बाकी काय काय येणार याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. राफेल येवो, सुखोई येवो. मी आपली मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, मला विमानातलं ते काय कळणार! पण या एका प्रश्नापायी मी इतकं वाचलं, इतक्यांना विचारलं, की आता नातवंडांना वाटतं आजीचंच डोकं विमानात अडकलंय.

आमचा दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आता शहाऐंशीचा आहे. आमचे वडील अंबरनाथच्या विमको काडेपेटीच्या कारखान्यात. घरात खाणारी तोंडं सात. १९५७ साली मॅट्रिक झाल्या झाल्या दादा हवाई दलात भरती झाला. वैमानिक नव्हे हं! गल्लीत मात्र सगळ्यांनी तो विमान चालवतो असंच धरलं होतं आणि आईनेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तो होता इंजिन फिटर. बंगळूरजवळ जलहळ्ळीला प्रशिक्षण झालं आणि पुढे नेमणूक झाली ती थेट आसामात, जोरहाटला. तिथे डाकोटा विमानांची स्क्वाड्रन होती.

आज ज्याला आपण अरुणाचल म्हणतो त्याला तेव्हा नेफा म्हणत. रस्ते जवळजवळ नाहीतच. डोंगरातल्या चौक्यांवरच्या जवानांना तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, सगळं विमानातून. दादा सांगतो, तांदळाचं पोतं दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालून शिवायचे, म्हणजे वरून टाकल्यावर आतलं फुटलं तरी तांदूळ बाहेरच्यात राहतो. काही माल पॅराशूटने सोडायचा, काही असाच. विमानाच्या उघड्या दारात उभं राहून सैन्याची माणसं पोती लोटायची. दरी अरुंद, वर ढग. पायलटला एकच फेरी नीट मिळायची. सकाळी मोजून गेलेली विमानं दुपारी मोजून घ्यायची हा तळावरच्या सगळ्यांचाच न सांगितलेला रिवाज होता. कधी आकडा जुळत नसे. त्याबद्दल तो फार बोलत नाही आणि मी विचारत नाही.

बोलतो तो इंजिनाबद्दल. डाकोटाला दोन इंजिनं, प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची. एकेका इंजिनात १४ सिलिंडर, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार बसवलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तसंच इंजिन चालू केलं तर दांडा वाकतो. म्हणून सकाळी पहिलं काम काय, तर पंख्याची पाती हाताने ओढून फिरवायची. आसामातल्या जानेवारीत, पहाटे, गार पडलेल्या लोखंडाला हात लावून! मग इंजिन खोकत खोकत सुरू व्हायचं, निळा धूर सोडायचं, आणि दोन-चार मिनिटांत त्याचा सूर लागायचा. "सूर" हा शब्द दादाचाच. १४ मधला एक सिलिंडर जरी नीट पेटत नसला तरी त्याला नुसतं ऐकून कळायचं, आणि ढगातून विमान दिसायच्या आधी येणारं कोणतं हे आवाजावरून सांगण्यावर त्यांच्या पैजा लागायच्या. चहाच्या.

त्या इंजिनांनीच त्याचे कान घालवले. तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून कामं चालायची. डावा कान साठीतच गेला, उजव्यात यंत्र घालून थोडं ऐकू येतं, तेही दर वर्षी कमी होतंय. वहिनी होती तेव्हा ती त्याच्या उजव्या बाजूलाच बसायची, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तर सांगायचं म्हणजे, दादाला डाकोटा बघायचंच नाहीये. फोटो त्याच्याकडे आहेत. त्याला ते ऐकायचंय. आणि हे काम थोडं घाईचं आहे.

आता डाकोटा म्हणजे काय आजची गोष्ट आहे का? या जातीचं पहिलं विमान १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेत उडालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती दहा हजारांहून जास्त बनली. आपल्याकडे १९४७ च्या २७ ऑक्टोबरला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले गेले ते याच विमानांतून, आणि १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशात तंगेलला छत्रीधारी सैनिक उतरवले त्यातही ही होती. १९८८ पर्यंत हवाई दलाने ती वापरली आणि मग थांबवली. दादा तोवर केव्हाच निवृत्त होऊन इथल्या कारखान्यात लागला होता. विषय संपला असंच आम्ही धरून चाललो होतो.

तो पुन्हा निघाला तो दिल्लीजवळच्या हिंडनमुळे. हवाई दलाने जुनी विमानं दुरुस्त करून उडती ठेवायचं मनावर घेतलं. २०१२ च्या हवाई दल दिनाला टायगर मॉथ उडालं, दोन पंखांचं, कापड ताणून केलेलं, ज्यावर पूर्वी नवशिके शिकत. मग हार्वर्ड आलं. आणि २०१८ मध्ये डाकोटा! राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडात स्वखर्चाने दुरुस्त करून घेऊन हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. विमानाचं नाव ठेवलं 'परशुराम'. १७ एप्रिलला ते इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्रीहून निघालं ते फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी, बहारीन, ओमान अशी मजल दरमजल करत २५ ला जामनगरला पोचलं. आपल्याकडचे लोक इतक्या वेळात चारधाम करून येतात. दादा रोज पेपरात शोधायचा, आज कुठवर आलं.

त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा आकडा आहे. १९४७ साली श्रीनगरला गेलेल्या डाकोटाचा तो आकडा. हे विमान मात्र ते नव्हे. हेही १९४४ चंच, पण निराळं, फक्त त्या आठवणीसाठी तो आकडा रंगवलाय. मला हे कळलं तेव्हा मी थोडी हिरमुसले. शिक्षकी स्वभाव, खरं ते खरं! दादा हसला. म्हणाला, "आम्ही एका विमानाचं इंजिन दुसऱ्याला, दुसऱ्याची चाकं तिसऱ्याला लावायचो. कोणतं खरं ते तूच ठरव."

२०२१ आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला ते दिल्लीत राजपथावरून गेलं. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंना हेलिकॉप्टरं, दुसऱ्या वर्षी दोन डॉर्नियर विमानं. आम्ही टीव्हीसमोर. दादा खुर्ची ओढत ओढत अगदी पडद्याला नाक लावून बसलेला, यंत्राचा आवाज पूर्ण वाढवलेला. विमान आलं, आणि आवाज आला तो निवेदकाचा! एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत. "गप्प बस की रे मेल्या," असं दादा म्हणेपर्यंत विमान निघूनही गेलं. आयुष्यात त्याने कुणाला मेल्या म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

इथे आमच्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण परगावच्या वाचकांना वाटेल की अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसांचा आणि विमानांचा काय संबंध? संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींमध्ये आले आणि १९४९ साली त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात. माझी सगळी नोकरी त्या कॅम्पांत गेली. आणि तिथून थोडंसंच पुढे, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला त्याच युद्धातली धावपट्टी आहे. काटई-बदलापूर रस्त्याने जाताना नेवाळी नाका लागतो तोच परिसर. लहानपणी आम्हाला ते नुसतं एक ओसाड माळरान वाटायचं, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात धूळ. दादा रजेवर आला की सायकलवर डबलसीट तिकडे न्यायचा आणि पावलं मोजत चालायचा. "इथे डाकोटा आरामात उतरेल," असं म्हणायचा.

परशुराम भारतात आलं त्या वर्षी त्याने हेच धरून बसला. मुंबईत एअर शो करा आणि एक फेरी नेवाळीला, तिथेच उतरवा! मी हे कौतुकाने आमच्या शाळेच्या निवृत्त शिपाईमामांना सांगितलं. एका लग्नात भेटले होते. मामा तिकडच्याच गावातले. ते ऐकून घेतल्यावर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या भावाला सांगा, इमान उतरायला धावपट्टी लागते, नि ती धावपट्टी आमच्या आज्याच्या शेतावर हाय."

मग जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. त्या धावपट्टीसाठी इंग्रज सरकारने आसपासच्या गावांची मिळून सुमारे १६०० एकर जमीन घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळेल अशी शेतकऱ्यांची धारणा होती. स्वातंत्र्य आलं तरी जमीन सरकारकडेच राहिली. लोक त्यात भात लावत राहिले, भाजी पिकवत राहिले. २०१७ मध्ये नौदलाने तिथे भिंत बांधायला घेतल्यावर २२ जूनला आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. हे पेपरात आपण सगळ्यांनीच वाचलं होतं. पण पेपरात वाचणं निराळं, आणि बत्तीस वर्षं ज्यांनी शाळेची घंटा दिली त्या माणसाकडून पंगतीत ऐकणं निराळं. त्यांच्या आजोबांना जमीन सोडायला किती दिवस दिले होते, उभ्या पिकाचं काय झालं, हे त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेलं तोंडपाठ होतं. मी वर्गात दुसरं महायुद्ध कितीदा शिकवलं असेन! पोलंडपासून सुरुवात करायचे आणि हिरोशिमाला संपवायचे. नेवाळी पुस्तकात नव्हतं.

मी हे दादाला सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, उजवा कान पुढे करून. तेव्हापासून तो डाकोटा नेवाळीला उतरवत नाही. म्हणतो, "वरून गेलं तरी चालेल."

तर मग जानेवारी २०२४. मरीन ड्राइव्हवर १२ ते १४ असे तीन दिवस एअर शो जाहीर झाला, दुपारी बारा ते एक. दादाचा फोन आलाच. मी यादी पाहिली. सूर्यकिरण, सारंग हेलिकॉप्टरं, सुखोई, आकाशगंगाचे छत्रीधारी, सी-१३०. डाकोटा नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणतो, "यादीत नसलं तरी ऐन वेळी आणतात कधी कधी." कोणी सांगितलं? कोणी नाही. पण आशा अशी पत्रिका पाहून थोडीच येते! पुतण्या नाही नाही म्हणत होता, गर्दीत कुठे नेता, पडले बिडले तर. शेवटी त्याची मुलगी, म्हणजे दादाची नात, "मी नेते आजोबांना" म्हणाली आणि मला "आत्याआजी, तू पण चल." शनिवारी सकाळची लोकल धरली. बदलापूरला दादाला खिडकी मिळाली, अंबरनाथला मी चढले, उल्हासनगरपर्यंत डबा भरला. बरोबर दशम्या, केळी, पाणी आणि दादाच्या यंत्राचे जादा सेल.

सूर्यकिरणची नऊ विमानं पाहून मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. समुद्र, ऊन, वर ती लाल-पांढरी रांग... सुखोई गेलं तेव्हा छातीत धडधडलं आणि एक लहान मूल रडायला लागलं. दादाने यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. म्हणाला, याला ऐकायला कान लागत नाहीत. सी-१३० आलं तेव्हा मात्र त्याने घाईघाईने यंत्र घातलं. चार पंखे बघून असेल. ते जाईपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. "चांगलं आहे. पण टर्बाइन आहे." एक वाजला, लोक उठायला लागले, कुल्फीवाले, फुगेवाले, पोलिसांच्या शिट्ट्या. दादा आणखी अर्धा तास कठड्यावर बसून राहिला, वाळकेश्वरच्या दिशेला तोंड करून. नात काही बोलली नाही, मीही नाही. पोर शहाणी आहे.

का आणत नाहीत ही जुनी विमानं मुंबईला? मी आपली माझ्या परीने विचार करते. डाकोटा हळू उडतं, हिंडनहून इथवर यायचं म्हणजे निम्मा दिवस. त्याला लागतं पेट्रोल, आजच्या जेट विमानांचं इंधन त्याला चालत नाही. सुटे भाग कुठून कुठून जमवायचे. ते चालवणारे, दुरुस्त करणारे हातही वेगळे तयार करावे लागतात. हे सगळं मला पटतं. तरीही एवढा मोठा शो करायचा आणि त्यात एकही म्हातारं विमान नाही, म्हणजे घरचं लग्न आणि आजोबांना गावीच ठेवलं, असं मला वाटतं. पाच मिनिटं तरी आणा. लोकांना कळू दे की आधी काय होतं.

मग त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेन्नईला मरीना बीचवर शो झाला आणि तिथे डाकोटा आलं, हार्वर्डही आलं! दादाने मला आधी हळूच विचारलं होतं, चेन्नईची गाडी कल्याणला किती वाजता येते म्हणून. पुतण्याने सरळ नाही म्हटलं. तेही बरंच झालं, कारण त्या दिवशी तिथे लाखोंची गर्दी, कडक ऊन आणि पाच माणसं गेली. बातमी बघून आम्ही सगळेच गप्प झालो. विमानं पाहायला म्हणून घरून निघालेली माणसं हो! नातीने रात्री मोबाइलवर कुणीतरी काढलेलं चित्रण शोधून दिलं. डाकोटा दिसलं, छान दिसलं. आवाज मात्र गर्दीचा आणि वाऱ्याचा. दादाने मोबाइल कानाला लावून धरला, फोन आल्यासारखा.

कुणी म्हणेल, संग्रहालयात न्या त्यांना. नेलं होतं. २०११ मध्ये गोव्याला दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात गेलो होतो. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे तिथे आहेत, भलं मोठं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. मला फार आवडलं. दादाने एकेका इंजिनापाशी जाऊन नखाने टकटक केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. म्हणाला, "गार आहे सगळं."

आता यात आणखी एकाची भर पडली आहे. माझे धाकटे दीर नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात होते, मिग-२१ बनत होती तेव्हा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ती मिग निवृत्त झाली, ६२ वर्षांच्या नोकरीनंतर. त्या संध्याकाळी दिरांचा फोन. "वहिनी, डाकोटासारखं एखादं मिग उडतं ठेवतील का हो? एअर शोपुरतं?" मी काय सांगणार? त्या विमानाने किती पोरं नेली हेही आठवत होतं. म्हटलं, दादाशी बोला. दोघांचं अर्धा तास चाललं होतं. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा ओरडतोय, त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं.

सध्या दादाचं एक काम सुरू आहे. डाकोटा मुंबईला येईल तेव्हा आपण असू-नसू, पण नातीला तरी काय ऐकायचं ते कळायला हवं, म्हणून इंजिन सुरू करायची सगळी रीत तो सांगतोय आणि मी वहीत लिहून घेतेय. दर रविवारी बदलापूरला जाते. आधी चाकांना अडसर. मॅग्नेटो बंद असल्याची खात्री. मग पाती हाताने ओढायची, दोघांनी, एकाने कधीच नाही. पातं अडलं तर जोर लावायचा नाही, खालच्या सिलिंडरचा प्लग काढून तेल काढायचं. आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस इंजिनाच्या बाजूला उभा, पंख्यापासून लांब. मग इंधनाचा पंप. मग प्रायमर, म्हणजे सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल आधी मारायचं. ते थंडीत किती वेळा आणि उन्हाळ्यात किती वेळा, इथे परवा गाडी अडली. दादा बराच वेळ हाताचा अंगठा हवेत दाबत बसला होता, मोजत. "आठवतंय, पण हाताला आठवतंय," म्हणाला. पुढच्या रविवारी सांगतो म्हणालाय. वहीत तेवढी ओळ मी मोकळी सोडली आहे.